टॉकीज गेली, चौक राहिला

नागपुरात पत्ता सांगायला दोन गोष्टी लागतात. एक चौक आणि एक टॉकीज. पुष्कळदा दोन्ही एकच असतात. व्हरायटी चौक, पंचशील चौक, अलंकार चौक. आनंद टॉकीजच्या नावाने तर रेल्वेखालचा भुयारी रस्ता ओळखला जातो. परगावच्या पाहुण्याला वाटावं, की हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलेलं नसून एखाद्या फिल्म डिस्ट्रिब्यूटरने वसवलेलं असावं.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याने एकदा मला विचारलं, "मामा, व्हरायटी चौकाला व्हरायटी कशाला म्हणतात? तिथे सगळं भेटते म्हणून?"

मी म्हटलं, "नाही रे बाप्पा, तिथे व्हरायटी नावाची टॉकीज होती."

"टॉकीज म्हणजे?"

आता काय सांगणार? बरं, त्या पोराचा दोष नाही. ज्यांनी हा शब्द जन्माला घातला, त्यांनीही तो केव्हाच टाकून दिला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडचा सिनेमा बोलायला लागला. तेव्हापासून सिनेमाच्या घराला टॉकीज म्हणायचं. पुढे सगळेच सिनेमे बोलू लागले, काही तर नको इतके बोलू लागले, आणि साहेबाच्या देशातून तो शब्द नाहीसा झाला. विदर्भातला माणूस मात्र अजून टॉकीजलाच जातो. सिनेमा मुका असल्याची तक्रार आता कोणाचीच नाही, तरी तो बोलतो याचं कौतुक आम्ही शब्दात जपून ठेवलं आहे.

नाव जपण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. सिनेमाच्या धंद्यात आमच्या मुलखाला अजून 'सी. पी. बेरार' म्हणतात. हा मध्यप्रांत-वऱ्हाड १९५० साली नकाशावरून पुसला गेला. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं. १९६० साली आम्ही महाराष्ट्रात आलो. पण कुठला सिनेमा कुठे किती चालला याची खतावणी लिहिताना आमचं पान अजून सी. पी. बेरार या नावानेच उघडतं. राजधानी गेली, प्रांत गेला, नाव शाबूत. टॉकीज गेली, चौक शाबूत.

माझं भांडण या सवयीशी आहे. नाव जपायला पैसा पडत नाही. वस्तू जपायला पडतो. म्हणून आम्ही वस्तू जाऊ देतो आणि नाव कवटाळून बसतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यात शिल्लक शून्य, पण पासबुक मात्र प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं.

एखादी जुनी टॉकीज बंद पडायला आली, की शहरात दोन पक्ष तयार होतात. एक 'पाडा' पक्ष आणि एक 'जतन करा' पक्ष. पहिल्या पक्षाशी माझं फारसं भांडण नाही. तो प्रामाणिक आहे. त्याला जागा पाहिजे असते आणि तो सरळ जागा पाहिजे म्हणतो. दुसऱ्या पक्षाला काय पाहिजे, हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नसतं. शेवटच्या खेळाची तारीख जाहीर झाली की हा पक्ष कॅमेरे घेऊन हजर होतो. दर्शनी भिंतीचे फोटो, तिकीट-खिडकीच्या गजांचे फोटो, तुटक्या खुर्चीवर हात ठेवून हताश मुद्रेने स्वतःचे फोटो. दुसऱ्या दिवशी 'एका युगाचा अंत'. माझ्या माहितीप्रमाणे गेल्या वीस वर्षांत अशा एकंदर चाळीसेक युगांचा अंत झाला आहे. कृत, त्रेता, द्वापार वगैरे धरून पुराणांना चारच युगं मोजता आली. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं.

शेवटच्या खेळाला टॉकीज भरते. हाऊसफुल्लचा बोर्ड कोणाला सापडत नाही, कारण तो बरीच वर्षं लागलेलाच नसतो. अशा वेळी डोअरकीपरच्या मनात काय येत असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. एवढी माणसं महिन्यातून एकेका मंगळवारी मॅटिनीला आली असती, तर आज तेराव्याची पंगत उठवण्याची वेळ आली नसती, असं त्या बापड्याला वाटत असणार. आजारपणात कोणी पेज आणून दिली नाही आणि तेराव्याला मात्र श्रीखंडाचा आग्रह!

आता टॉकीज म्हणजे काय, हे भाच्यासाठी म्हणून सांगतो. टॉकीज म्हणजे इमारत, असं 'जतन करा' पक्षाला वाटतं. टॉकीज म्हणजे सिनेमा, असं समीक्षकांना वाटतं. मी कॉमर्सचा पदवीधर. मला टॉकीज म्हणजे तिकिटाची दरपत्रिका वाटते. खिडकीच्या वर रंगवलेली ती पाटी आठवा. सगळ्यात खाली थर्ड क्लास किंवा स्टॉल, मग सेकंड, मग फर्स्ट, मग बाल्कनी, आणि एखाद्या ऐटबाज टॉकीजमध्ये बॉक्ससुद्धा. एकाच छपराखाली, एकाच पडद्यावर, एकाच वेळी, पाच निरनिराळ्या किमतींना तोच सिनेमा. गंमत अशी की पडद्याला सगळ्यात जवळ ज्याने सगळ्यात कमी पैसे दिले तो. नाटकात पुढच्या रांगेत कलेक्टर बसतो. सिनेमात पुढच्या रांगेत रिक्षावाला. नायकाच्या डोळ्यांतलं पाणी आधी त्याला दिसायचं, मग वर बाल्कनीतल्या वकीलसाहेबांना.

शिट्टी खालून यायची आणि हसू वर जायचं. खालच्यांनी टाळी वाजवली की वरच्यांना कळायचं की वाक्य चांगलं होतं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जायचे, पडद्यावर आरती सुरू झाली की नाणी उधळायचे. हे बाल्कनीने सुरू केलेलं नाही. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा पडद्यासमोर नाचले ते लोकही बॉक्समधले नव्हते. सिनेमा चालवतो स्टॉल. बाल्कनी नंतर येऊन 'आम्हालाही आवडला' एवढं सांगते.

आणि या सगळ्याला माणसं लागायची. तिकीट देणारा, फाडणारा, टॉर्च दाखवणारा, सायकल स्टँडवाला, बाहेर समोसे आणि आलुबोंडे तळणारा आणि वर कोठडीत ऑपरेटर. ऑपरेटरला कोणी कधी पाहिलेलं नसायचं, पण चित्र जरा हललं की सातशे माणसं त्याला त्याच्या आईवडिलांची आठवण करून द्यायची. त्याचं काम काय होतं, ते आकड्यांत सांगतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जायची. त्यासाठी मिनिटाला ९० फूट फिल्म यंत्रातून सरकायची. तीन तासांचा सिनेमा म्हणजे १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर. दिवसाला चार खेळ धरले तर हा माणूस रोज वीस किलोमीटर फिल्म जागच्या जागी चालवायचा. मे महिन्यात, नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीला, आर्कच्या धगीशेजारी. खाली प्रेक्षकांसाठी वाळ्याच्या ताट्या आणि घरघरणारे कूलर. त्याच्या वाट्याला फक्त घरघर.

हे सगळं मला फार रम्य वाटतं असं कोणी समजू नये. जुन्या टॉकीजचा जो भाग जायला पाहिजे होता, तो गेला याचा मला आनंदच आहे. ढेकूण गेले, बरं झालं. इंटरव्हलमध्ये वासाच्या दिशेने सापडणारी मुतारी गेली, उत्तम झालं. बायकांची सोय तर पुष्कळ ठिकाणी नव्हतीच. आमच्या मातोश्री तीन तासांच्या सिनेमाला जायच्या आधी दुपारपासून पाणी पीत नसत. याला कोणी 'ते सोनेरी दिवस' म्हणत असेल तर त्याने एकदा मेमध्ये तसं करून पाहावं.

गंभीर गोष्टही सांगायला पाहिजे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' सिनेमात आग लागली आणि ५९ माणसं गेली. जास्तीच्या खुर्च्या टाकून बाल्कनीतली वाट अडवलेली होती. चार जास्त तिकिटं विकण्यासाठी माणसाची बाहेर पडायची वाट विकली गेली. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आधी दरवाजे मोजावेत. त्याच वर्षी, त्याच दिल्लीत, साकेतमधल्या जुन्या 'अनुपम'च्या जागी देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं. एका टॉकीजची राख झाली आणि दुसऱ्या टॉकीजचे चार तुकडे. तिथून पुढे सगळा देश दुसऱ्या वाटेने गेला.

सरकारने या वाटेवर फुलं अंथरली. २००१ साली महाराष्ट्राने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. पहिली तीन वर्षं कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं चौथा हिस्सा. इतका लाड जुन्या टॉकीजच्या वाट्याला आला नाही. घरचा थोरला मुलगा इतकी वर्षं पगारातून पैसे देत होता, त्याच्या पानात वरण-भात. नवा जावई दारात आला, त्याच्या पानात पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि वर पुन्हा 'जावईबापू, लाजू नका'. थोरल्याने घर सोडलं तर नवल काय?

म्हणूनच टॉकीजमालकाला खलनायक ठरवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मी काउंटरच्या या बाजूला बसतो. मला आकडे दिसतात. तुम्हीही पाहा. समजा, एक जुनी टॉकीज आहे. ८०० खुर्च्या, रोज चार खेळ. आठवड्याला २२,४०० खुर्च्या झाल्या. त्यांतल्या तीस टक्के भरल्या, म्हणजे ६,७२०. तिकीट सरसकट शंभर रुपये धरा, कर वेगळा. आले ६ लाख ७२ हजार. निम्मे सिनेमावाल्याचे. उरले ३ लाख ३६ हजार. यातून वीजबिल, पगार, घरपट्टी, दुरुस्ती, आणि छताकडे पाहून सोडलेला सुस्कारा. आणि भर चौकातली तीच जागा मालकाने वीस कोटींना विकली आणि पैसे आमच्याकडे साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर? वर्षाला १ कोटी ३० लाख, म्हणजे आठवड्याला अडीच लाख. ना कोणी शिट्टी मारणार, ना कोणी खुर्ची फाडणार, ना कोणी आईवडील काढणार. झोपून अडीच लाख. असं असताना जो मालक अजून रोज संध्याकाळी टॉकीजच्या दारात उभा राहतो, त्याला खलनायक म्हणू नका. त्याचा सत्कार करा, आणि घरच्यांनी त्याला कसं काय ठेवून घेतलं याचीही चौकशी करा.

बँकाही त्याला मदत करतात असं नाही. असाच एक मालक एका बँकेत कर्ज मागायला गेला होता. बँकेचं नाव विचारू नका. खुर्च्या बदलायच्या आहेत, आवाजाची यंत्रणा नवी घ्यायची आहे, म्हणाला. साहेबांनी तीन वर्षांचे ताळेबंद पाहिले आणि मान हलवली. मग जागेचा सात-बारा पाहिला आणि त्यांची मान दुसऱ्या दिशेने हलली. "टॉकीज चालवायला कर्ज कठीण आहे. पाडायची असेल तर बोला." जिवंत माणसाला औषधाला पैसे नाहीत, पण अंत्यसंस्काराला मंजुरी लगेच! यालाच धंद्याच्या भाषेत तारण म्हणतात.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. कारण 'जतन करा' पक्षाचं म्हणणं असं की सगळ्या टॉकीज काही मरत नाहीत, काहींचं सोनं होतं. होतं ना. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा इमारत पुरी व्हायची होती. काम अपुरं असताना फीत कापायची प्रथा आपल्या पुढाऱ्यांची नाही, साहेबाचीच आहे, हे यावरून सिद्ध होतं. पुढे तिथे सिनेमे लागले. १९९३ साली टाळं लागलं. मग गोंडलच्या संस्थानिक घराण्याने, आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षं खपून ते पुन्हा उभं केलं. २०१६ साली पडदा उघडला, २०१७ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कामाला तोड नाही, हात जोडावेत असंच काम आहे. पण आता तिथे मैफली होतात, नाटकं होतात, समारंभ होतात. रोजचे तीन-सहा-नऊ मात्र परत आले नाहीत.

चर्चगेटसमोरचं इरॉस घ्या. १९३८ सालचं. हजाराच्या वर खुर्च्या होत्या. ते पाडतात की काय अशी धास्ती पडलेली असताना २०२४ साली नव्या थाटात पुन्हा सुरू झालं. इमारत वाचली, सिनेमाही वाचला, अभिनंदन! खुर्च्या आता तीनशेच्या आसपास. हजारातून तीनशे वजा जाता सातशे उरतात, हे चौथीतलं पोरही सांगेल. ते सातशे कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. ते बाल्कनीतले नव्हेत. बाल्कनी पहिल्यापेक्षा मोठी आणि मऊ होऊन जागेवर आहे. गेला तो स्टॉल.

माझा मुद्दा एवढाच आहे. पंढरपूरला विठोबाच्या देवळाला कळस आहे तशी नामदेवाची पायरीही आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवाने ती जागा मागून घेतली, असं आपण सांगत आलो. देवळाचा जीर्णोद्धार काढला, कळसाला सोन्याचा पत्रा चढवला आणि पायरी काढून तिथे पार्किंग केलं, तर त्याला कोणी जीर्णोद्धार म्हणेल का? टॉकीजचा स्टॉल ही तिची पायरी आहे. संगमरवर घासून लखलखीत केला, जुनी अक्षरं पितळेत घडवली, भिंतीवर जुनी पोस्टरं चौकटीत लावली, आणि ज्याने ती पोस्टरं तासन्‌तास उभं राहून पाहिली त्याला तिकीट परवडेनासं केलं, तर जतन कशाचं झालं? चौकटीचं.

पुण्याचं उदाहरण याच्या उलट आहे आणि मला आवडतं. तिथली 'प्रभात टॉकीज' १९३४ साली सुरू झाली. २०१४ च्या अखेरीला प्रभात कंपनीचा करार संपला, जागा मूळ मालकांकडे गेली आणि पाटी बदलून 'किबे लक्ष्मी' झाली. पुणेकर हळहळले. त्यांना हळहळण्याचा सराव असतो. पण पुढे त्याच पडद्यावर पुन्हा सिनेमे लागले. नाव गेलं, पडदा राहिला. नागपुरात नाव राहिलं, पडदा गेला. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर मी पुणेकरांचं घेईन, आणि नागपूरच्या माणसाने पुणेकरांचं काही घ्यायचं कबूल केलं म्हणजे प्रकरण किती थराला गेलं आहे, हे वाचकांनी ओळखावं.

'पण आता लोकांना टॉकीज हवीच कशाला? सगळं मोबाईलवर भेटते,' असं आमच्या ब्रँचमधले एक तरुण सहकारी म्हणतात. भेटते ना. आमच्या घरी चार माणसं चार खोल्यांत चार सिनेमे पाहतात. मुलगा हसतो तेव्हा आमची ही काळजीने विचारते, "बरा आहेस ना?" एकट्याने हसणाऱ्याची पूर्वी लोक चौकशीच करत. सिनेमा भेटतो, माणसं भेटत नाहीत. आणि ज्याच्या घरात चार खोल्या नाहीत, एकच आहे, त्याने कुठे बसून पाहायचा?

२०२२ साली 'झुंड' आला. नागराज मंजुळेंनी तो आमच्या नागपुरात चित्रित केला. वस्तीतली पोरं, त्यांचं फुटबॉल, समोर अमिताभ बच्चन. पोरांनी कामंही झकास केली. सगळ्या देशाने वातानुकूलित अंधारात बसून त्यांच्यासाठी डोळे पुसले. आता त्या पोरांच्याच वस्तीतला एखादा मुलगा आपल्या आईबापाला, दोन भावंडांना घेऊन तो सिनेमा पाहायला निघाला असेल, तर त्याने मॉलच्या दारात पाच तिकिटांचा हिशेब कसा जमवला असेल? मक्याच्या लाह्यांचा तर मी विषयच काढत नाही. त्यांना इंग्रजी नाव पडलं की त्यांचा भाव सोन्याच्या बरोबरीने हलतो. ज्यांच्यावर सिनेमा निघतो त्यांना तो सिनेमा पाहता येऊ नये, हा अन्याय आहे, आणि तो दर्शनी भिंत रंगवून दूर होत नाही.

मग करायचं काय? नुसतं रडगाणं गाऊन उठायचं असतं तर मीही कॅमेरा घेऊन शेवटच्या खेळाला गेलो असतो. तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही कारकुनी आहेत, म्हणून होण्यासारख्या आहेत.

पहिली. सरकारने शंभर रुपयांवर एक रेघ आखून ठेवलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के आणि त्याच्या वर अठरा. म्हणजे स्वस्त तिकीट कशाला म्हणायचं, हे सरकारच्याच कागदावर लिहिलेलं आहे. ज्या जुन्या टॉकीजला जीर्णोद्धारासाठी कोणतीही सवलत पाहिजे, तिने निदान एक तृतीयांश खुर्च्या या रेघेच्या आत ठेवाव्यात. प्रत्येक खेळाला, रविवारी सुद्धा. आणि त्या खुर्च्यांना वेगळं दार नको.

दुसरी. वारशाच्या इमारतींसाठी आपल्या बांधकाम नियमांत टीडीआरची सोय आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, या जागेवर जे मजले तुम्ही चढवले असते ते चढवू नका, त्यांचा हक्क दुसरीकडे विका आणि पैसे घ्या. न बांधलेल्या मजल्यांचे पैसे मिळतात, हे कळलं तेव्हा मला आमच्या कॉलनीतल्या बिल्डरचा राग थोडा कमी झाला. तो बांधलेले मजलेही देत नाही. हीच सोय चालत्या टॉकीजला द्या. मालकाला त्याच्या जागेचं मोल मिळेल आणि आम्हाला पडदा. अट एकच, स्टॉल चालू पाहिजे. स्टॉल बंद झाला की सवलत बंद.

तिसरी. टॉकीज पाडली तर नव्या इमारतीत लहान का होईना, चित्रपटगृह बांधावं, असा दंडक आपल्याकडे आहे. मालक तो सैल करा म्हणतात, आणि नियमाचं लहान चित्रपटगृह पाचव्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे, तीनशे रुपये तिकिटाने उघडलं तर दंडक पाळल्यासारखा होतो. दंडकात खुर्च्यांचा आकडा असतो, तसा दराचाही घाला. आणि दरवाजे, आगीची सोय, बायकांची स्वच्छतागृहं यांत मात्र एका पैशाची सूट नको. गरिबाने स्वस्तात सिनेमा पाहावा, स्वस्तात मरू नये.

यावर एक आक्षेप येणार, तो मला ठाऊक आहे. 'सिनेमा ही काय जीवनावश्यक वस्तू आहे? रेशनवर द्यायची का?' असं विचारणारे गृहस्थ बहुधा बाल्कनीतले असतात. त्यांना मी एका पानठेलेवाल्याकडे पाठवतो. त्याच्या समोरची टॉकीज बंद झाली. धंदा कसा आहे, असं विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, माणसं तं जातेत-येतेत, पण आता कोणी थांबत नाही. माह्या इंटरव्हलच गेला."

शहराचाही इंटरव्हल असाच जातो. वकील आणि रिक्षावाला, कारकून आणि त्याचा साहेब, एकाच दारातून बाहेर पडून एकाच गाडीवरचा समोसा खात, तोच खलनायक कसा मरायला पाहिजे होता यावर भांडत उभे राहायचे, अशा जागा शहरात किती उरल्या? मोजून पाहा. मी मोजल्या. एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यांतलं एक बोट रेल्वे स्टेशन आहे.

मल्टिप्लेक्सने दिलेलं सुख मी नाकारत नाही. खुर्ची मऊ आहे, पडदा स्वच्छ आहे, कूलरची घरघर नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. अजून एकाही मल्टिप्लेक्सच्या नावाने नागपुरात चौक झालेला माझ्या ऐकिवात नाही. 'स्क्रीन नंबर चार चौक' असा पत्ता कोणी सांगत नाही. ज्या जागेने सगळ्यांना आत घेतलं, तिच्याच नावाने लोक पत्ते सांगतात. तो मान विकत मिळत नाही, तिथे शिट्टी वाजवलेली असावी लागते.

तेव्हा 'जतन करा' पक्षाला माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी कॅमेरा घेऊन निघाल तेव्हा आधी तिकीट-खिडकीपाशी जा. सगळ्यात स्वस्त तिकीट केवढ्याचं, ते विचारा, आणि ते काढून आत बसा. अगदी पुढच्या रांगेत. मान थोडी दुखेल. पण टॉकीज तिथूनच दिसते.